तिसरीची शिंपली कशी वाढते?

ओहोटी लागली की कोकणातल्या बाया खाडीत तिसऱ्या काढायला जातात. तिसरीची एक शिंपली हातात घ्या. बिजागरीजवळचे टोक पाहा. तिसरी अगदी पिल्लू होती, तेव्हा तिची शिंपली तेवढीच होती.

खेकडा जुने कवच टाकतो आणि नवे धरतो. तिसरीही तसेच करते, असे मास्तर असूनही मी पुष्कळ वर्षे समजत होतो. पण तसे नाही. तिची शिंपली जन्मभर एकच. तीच वाढवायची.

ती कशी? शिंपलीच्या आत तिसरीच्या अंगाभोवती पातळ पडदा असतो. खाऱ्या पाण्यात चुन्याचा अंश विरघळलेला असतो. पडदा तो घेतो आणि शिंपलीच्या कडेला थर लावतो. गवंडी भिंत चढवतो ना, तसेच. आतूनही तो थर देतो, म्हणून शिंपली जाड होते. पूर्वी शिंपल्या भट्टीत भाजून घराला चुना करीत, तो यामुळेच.

पावसाळ्यात खाडीत गोडे पाणी फार आले की तिसरी मिटून बसते. काम थांबते. वाढ अशी अडली की शिंपलीवर रेघ उमटते.

आणि नखाएवढी तिसरी सापडली तर? तिच्यात मांस ते किती असणार! ती परत चिखलात टाका. तिने अजून पाण्यात अंडी सोडलेली नसतात.