सूर धरणाऱ्याचं नाक

लग्नघरात पहाटे सनई सुरू झाली की सगळ्यांचं लक्ष जातं ते पुढे बसून राग आळवणाऱ्या वादकाकडे. त्याच्या मागे मांडी घालून बसलेल्या दुसऱ्या माणसाकडे कोणी पाहत नाही. त्याच्याही हातात सनईच असते, पण तिच्यातून एकच एक सूर निघत असतो. त्याला ना चाल, ना तान. गवयाच्या मागे तंबोरा, तसा सनईच्या मागे हा माणूस. पण नीट कान दिलात तर एक नवल ध्यानात येईल. हा सूर थांबतच नाही. श्वास घेण्यासाठीसुद्धा नाही.

वाचकहो, हा सूर धरण्याचं काम मी शाळकरी वयापासून मामांच्या मागे बसून करीत आलो आहे. पोटासाठी कॉलेजात शिकवतो, पण नवरात्रात आमच्या गावच्या देवळात चौघड्याबरोबर अजूनही बसतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका नवरात्रात, अष्टमीच्या रात्री, माझा सूर मधेच तुटला. एकदा नव्हे, तीनदा. मामांनी वाजवणं थांबवलं नाही, पण तिसऱ्या वेळी मागे वळून पाहिलं. आरती झाल्यावर देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "काय रे, छाती भरली की नाक?"

"नाक, मामा. गेले तीन महिने असंच आहे."

"मग तीन महिने काय करत होतास?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते आज द्यायचं आहे. गावोगावच्या सनईवाल्यांना, बँडमध्ये क्लॅरिनेट नि ट्रंपेट फुंकणाऱ्या पोरांना आणि शाळेत बासरी शिकवणाऱ्या गुरुजींना उपयोगी पडावं म्हणून. मी डॉक्टर नव्हे. डॉक्टरांकडून जे समजून घेतलं आणि स्वतःच्या नाकावर जे अनुभवलं, तेवढंच सांगतो.

सूर न तोडता वाजवायची युक्ती अशी. फुंकत असतानाच गालांत थोडी हवा साठवून ठेवायची. छातीतली हवा संपत आली की गाल आवळून ती साठवलेली हवा वाद्यात सोडायची आणि त्याच क्षणी नाकाने झटकन श्वास आत ओढायचा. छाती हा एक भाता, गाल हा दुसरा. एक भरेपर्यंत दुसरा काम करतो. शिकाऊ मुलाला हे दाखवायचं तर पेलाभर पाणी घ्यावं, त्यात एक बारीक नळी बुडवावी आणि बुडबुडे थांबू न देता नाकाने श्वास घ्यायला सांगावा. डहाणू-जव्हारकडे तारपा वाजवणारे वारली कलावंतही याच युक्तीने नाचाची लय अखंड चालू ठेवतात.

आता पाहा, या साऱ्या खटाटोपात श्वास आत येण्याचं दार एकच, ते म्हणजे नाक. बासरीवाला तोंडाने श्वास घेऊ शकतो. नाक चोंदलं तरी तो वेळ मारून नेतो. सूर धरणाऱ्याचं तोंड वाद्याने अडवलेलं असतं. नाक चोंदलं की त्याचा सूर तुटणारच. ज्याचं घर लग्नसराईवर चालतं त्याच्या दृष्टीने ही साधी सर्दी राहत नाही. पुढच्या सुपाऱ्या जाण्याची ती भीती असते.

'सायनस झालाय' असं आपण सहज म्हणतो. पण सायनस हे रोगाचं नाव नव्हे. नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. पुस्तकी मराठीत नासाकोटरं. त्यांच्या चार जोड्या आहेत: एक गालांत, एक कपाळात भुवयांच्या वर, एक दोन डोळ्यांच्या मधे आणि एक त्याहून मागे, खोल. या पोकळ्यांना आतून ओलसर अस्तर असतं आणि अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केसांसारखे तंतू. अस्तरातून पाझरणारा चिकट द्रव हे तंतू सतत एका दिशेने नाकाकडे लोटत असतात. गंमत अशी, की गालातल्या पोकळीची मोरी तळाशी नाही, वरच्या बाजूला आहे. म्हणजे तिथला द्रव चढावर लोटावा लागतो! अस्तराला सूज आली की ही अरुंद मोरी तुंबते, आत घाण साचते आणि सूज आणखी वाढते.

साधं पडसं आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं. पण नाक चोंदणं, दाट शेंबूड पुढे किंवा घशात उतरणं, गालांवर वा कपाळावर दाब वाटणं, वास न येणं, अशी लक्षणं १२ आठवडे वा त्याहून अधिक टिकली तर डॉक्टर त्याला जुनाट दुखणं म्हणतात. इथे एक इशारा देतो. नाक स्वच्छ मोकळं आहे आणि नुसतंच डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही, मळमळतं, तर ती बहुधा अर्धशिशी असते. कित्येकजण अर्धशिशीला सायनस समजून वर्षानुवर्षं भलतंच औषध घेत राहतात.

फुंकून फुंकूनच सायनसचं दुखणं होतं, अशी गावाकडे समजूत आहे. ती कितपत खरी? शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मुलांना तोंड मिटून 'म्‌ऽऽ' म्हणायला सांगा आणि मधेच नाक चिमटीत धरायला लावा. आवाज बंद पडेल. मग 'आऽऽ' म्हणताना नाक धरायला लावा. आवाज तसाच चालू राहील. याचं कारण टाळूचा मागचा मऊ भाग. 'आ' म्हणताना तो वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो. फुंकताना हेच दार अधिक घट्ट बसतं. त्यामुळे तोंडातला जोर सहसा नाकात शिरत नाही. फुंकताना नाकातून 'फुस्‌' असा वारा निसटू लागला तर टाळू थकला असं समजावं आणि वाद्य खाली ठेवावं. वारंवार तसं होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.

तेव्हा सगळा दोष वाद्यावर घालता येत नाही. मात्र दुखणं आधीच असेल तर फुंकण्याने ते जाणवतं जास्त. जोर लावला की चेहऱ्यात रक्त दाटतं आणि सुजलेलं अस्तर ठणकू लागतं. सनईला बासरीपेक्षा किती तरी अधिक जोर लागतो, म्हणून सनईवाल्याला हा त्रास अधिक.

मूळ कारण बहुधा दुसरीकडेच सापडतं. कुणाला धुळीची ॲलर्जी असते, कुणाच्या नाकाचा मधला पडदा वाकडा असतो, कुणाच्या नाकात मांसाचे मऊ कोंब वाढलेले असतात. कधी वरच्या दाढेचं मूळ किडलेलं असतं आणि त्याचा संसर्ग गालाच्या पोकळीत चढतो. विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर यांनी अस्तर आणखी बिघडतं. यांतलं आपलं कारण कोणतं, हे नाकात दुर्बीण घालून वा स्कॅन काढून कान-नाक-घशाचे डॉक्टरच सांगू शकतात. कारण न शोधता औषध करणं म्हणजे छप्पर गळत असता जमीन पुसत बसणं.

आता मामांच्या प्रश्नाकडे वळतो. मी तीन महिने काय करत होतो? तर नाक मोकळं करणारे थेंब घालत होतो. दुकानातून बाटली आणली, दोन थेंब टाकले, की पाच मिनिटांत नाक खुलं! वाजवायला बसण्यापूर्वी टाकायचे म्हणता म्हणता दिवसातून चार वेळा टाकू लागलो. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. पण पाच-सात दिवसांपलीकडे ते चालू ठेवले, की त्यांचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त सुजतं. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. अष्टमीच्या रात्री बाटली घरी राहिली होती. माझा सूर मूळच्या दुखण्याने तुटला तेवढाच या सवयीनेही तुटला. ती सवय सोडताना काही दिवस फार जड गेले, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सुटली.

डॉक्टर बहुधा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देतात. 'स्टेरॉइड' म्हटलं की आपण बिचकतो. पण फवाऱ्यातली मात्रा अल्प असते आणि तिचा परिणाम मुख्यतः नाकापुरता असतो. मात्र तो थेंबांसारखा पाच मिनिटांत गुण देत नाही. रोज, नेमाने, काही आठवडे घ्यावा लागतो. जंतुनाशक गोळ्या दर वेळी लागतातच असं नाही. त्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

याच्या जोडीला सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. आपल्याकडे जलनेती म्हणतात ती हीच. अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, किंचित कमीच, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. ओणवं होऊन, मान एका बाजूला कलती करून, तोंडाने श्वास घेत एका नाकपुडीतून पाणी सोडावं. ते दुसरीतून बाहेर पडतं. पण एक अट कधीही मोडू नये. पाणी खळखळ उकळून मग कोमट केलेलंच हवं. विहिरीचं, तळ्याचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नये. अशा पाण्यात क्वचित एक सूक्ष्म जीव असतो. तो पोटात गेला तर काही करीत नाही, पण नाकावाटे मेंदूत शिरला तर बहुधा माणूस दगावतो. नेतीचं भांडंही रोज धुऊन वाळवावं. वाजवायला बसण्यापूर्वी तासभर तरी आधी नाक धुवावं, नाहीतर ऐन रंगात पाणी ठिबकतं. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी. दोन्ही दाबून जोराने शिंकरलं तर घाण उलटी आत पोकळ्यांत ढकलली जाते.

नाक धुतलं, पण वाद्याचं काय? २०१६ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका बॅगपाइप वाजवणाऱ्याची हकीगत प्रसिद्ध झाली. ६१ वर्षांचा हा गृहस्थ कित्येक वर्षं खोकला नि दम यांनी बेजार होता. मधे तीन महिने तो ऑस्ट्रेलियाला गेला, वाद्य घरी राहिलं, आणि त्याला बराच आराम पडला. परत येऊन वाजवू लागला तो दुखणं पुन्हा बळावलं आणि त्यातच तो वारला. त्याच्या वाद्याच्या आत अनेक जातींची बुरशी सापडली. हे दुखणं फुप्फुसाचं, सायनसचं नव्हे. पण ओलं वाद्य तसंच पिशवीत कोंबणाऱ्या प्रत्येकाने यातून धडा घ्यावा. वाजवून झालं की वाद्य आतून फडक्याने कोरडं करावं, हवेशीर ठेवावं. पत्ती वाळवून ठेवावी, काळी पडली तर टाकून द्यावी. एकाची पत्ती दुसऱ्याने तोंडात घालू नये. शाळेतल्या बासऱ्यांनाही हाच नियम लावावा.

ताप आहे, चेहरा ठणकतो आहे, अशा दिवशी फुंकू नये. सूर धरायला दोघे तयार ठेवावेत, म्हणजे एकाने विसावा घेतला तरी मैफल अडत नाही. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करावी लागली तर पुन्हा कधी फुंकायचं हे त्याच डॉक्टरांना विचारावं. सुपारी घेतली आहे म्हणून घाई करू नये. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, तापासह असह्य डोकेदुखी, मान ताठणं, एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच इस्पितळ गाठावं. २०२१ साली करोनाच्या साथीत काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती घरं हादरवली हे आपण पाहिलं आहे. मधुमेह्यांनी तर गाल बधिर होणं, नाकात काळी खपली धरणं याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये.

आता मी बरा झालो का? नाही, जुनाट दुखणं आहे, ते सांभाळावं लागतं. रोज सकाळी पाणी उकळतो, नाक धुतो, फवारा घेतो, वर्षातून एकदा दाखवून येतो. सनईची पत्ती जशी आम्ही जपतो तसं आता नाकही जपतो, कारण सूर धरणाऱ्याचं नाक हा त्याच्या वाद्याचाच भाग आहे. पुढच्या नवरात्रात अष्टमीला मी पुन्हा मामांच्या मागे बसलो. पहाटेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तुमच्या गावात कोणी सूर धरणारा नाक चोंदलं म्हणून घरी बसला असेल, तर त्याला एवढं सांगा: तीन महिने थांबू नकोस.