मत्स्यपेटीसाठी संथ मोटार कशी निवडावी?

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आमच्या इचलकरंजीत मागाचा खडखडाट ऐकतच मुले वाढतात. तरीही मोटार कशी निवडावी हे मी मागापाशी नव्हे, तर एका काचेच्या टाकीपाशी शिकलो आणि त्या शिक्षणाची फी म्हणून एकतीस मासे गमावले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर लिहावे याची काहींना गंमत वाटेल. परंतु ज्या मित्रांच्या घरी मत्स्यपेटी आहे त्यांना उपयोग व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी गप्पी मासे वाढवतो. बाजाराच्या दिवशी जोड्या विकल्या की वह्या-पुस्तकांचा आणि परीक्षेच्या अर्जाचा खर्च निघतो. टाकी अडीच फूट लांब. जागा कमी व मासे जास्त, अशी तिची स्थिती. अशा टाकीत पाणी हलते ठेवणे अत्यावश्यक असते. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. पाणी हलले नाही, तर वरचा प्राणवायू तळापर्यंत लवकर पोहोचत नाही. शिवाय पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे साडेसात. म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री माशांची परीक्षाच असते.

लहान पंप लावला म्हणजे काम भागते असे नाही. पंपाची धार एकाच दिशेला जाते. समोरचे मासे पोहून दमतात आणि दूरच्या कोपऱ्यात गाळ बसून राहतो. म्हणून पंपाची नळी सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवावी, ही युक्ती. मोटारीच्या दांड्यावर एक चकती बसवायची, चकतीच्या कडेला खिळा, आणि खिळ्यापासून नळीपर्यंत एक काडी. पायाने चालणारी शिलाई मशीन आठवा. तेथे पायाच्या वर-खाली होण्याने चाक फिरते. येथे चाकाच्या फिरण्याने नळी झुलते.

आता प्रश्न वेगाचा. मिनिटाला ६० फेरे घेणारी मोटार लावली, तर नळी सेकंदाला एकदा जाऊन परत येते. धार समोरच्या काचेपर्यंत पोहोचण्याआधीच दिशा बदलते आणि पाणी नुसते थरथरते. मिनिटाला ५ फेरे असतील, तर एका झुल्याला १२ सेकंद मिळतात. धार प्रत्येक कोपऱ्यात जाते, माशांना विसावाही मिळतो. माझ्या अनुभवाने ५ ते १० फेरे हा वेग योग्य. शिवाय ६० फेऱ्यांच्या मोटारीत खिळा व काडी दिवसाला ८६,४०० वेळा घासतात. ५ फेऱ्यांच्या मोटारीत फक्त ७,२००.

हे सर्व मला नंतर समजले. आधी मी खेळण्यातल्या गाडीची, ६० फेऱ्यांची, १२ व्होल्टची मोटार स्वस्तात आणली आणि ती हळू फिरावी म्हणून तिला ४ व्होल्टच दिले. दोन दिवस छान चालले. एप्रिलमधल्या एका रात्री नळी जरा अडली, मोटार थांबली, तापली आणि जळाली. नळीचे तोंड खाली कोपऱ्याकडे राहिले. पंप रात्रभर चालू होता, पण वरचे पाणी हलत नव्हते. सकाळी एकतीस मासे तरंगत होते. त्या सत्राचा परीक्षेचा अर्ज दादांनी मालकाकडून उचल घेऊन भरला.

दादा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकलेले. जळालेली मोटार हातात घेऊन ते म्हणाले, “आरं, माणसाला उपाशी ठेवून हळू चालवल्यागत केलंस की हे! मागाच्या मोटारीवर बारकं चाक असतंय, आन् दांड्यावर मोठं. वीज नाही, दाती बदलायची असती.”

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. वीज कमी केली की वेगाबरोबर मोटारीचे बळही कमी होते. याउलट दात्यांच्या चाकांनी वेग कमी केला, तर घर्षणात थोडे वाया जाऊन उरलेले बळ वाढते. म्हणून मुळातच हव्या त्या वेगाची गिअरची मोटार घ्यावी.

किती बळ हवे, हे घरी मोजता येते. नळीच्या टोकाला दोरा बांधून तो मागाच्या रिकाम्या बॉबिनवरून खाली सोडावा. दोऱ्याला पिशवी बांधून तीत मापाने पाणी ओतावे. माझी नळी २०० मिलिलिटरला हलली, म्हणजे २०० ग्रॅमची ओढ पुरली. खिळा चकतीच्या मध्यापासून २ सेंटिमीटरवर, म्हणून लागणारे बळ ४०० ग्रॅम-सेंटिमीटर. दुकानदार सांगतो तो आकडा बहुधा मोटार अडून थांबते त्या क्षणाचा असतो. म्हणून गरजेच्या तिप्पट-चौपट बळाची मोटार मागावी.

प्रकार मुख्यतः दोन. एक डीसी गिअर मोटार. हिच्यात कार्बनचे ब्रश असतात. ते झिजतात आणि मोटार अडली की ती जळू शकते. दुसरी सिंक्रोनस मोटार, मायक्रोवेव्हमधली थाळी किंवा कुलरच्या झडपा फिरवणारी. हिला ब्रश नसतात. वेग विजेच्या ५० हर्ट्‌झवर ठरतो. अडली तरी प्रवाह फारसा वाढत नाही. ही सुरू होताना कधी डावीकडे, तर कधी उजवीकडे फिरते. परंतु नळी झुलवण्यासाठी दिशेचे महत्त्व नाही. मी हीच निवडली.

मात्र एक इशारा. भंगारात मिळणाऱ्या या मोटारी बहुधा २३० व्होल्टच्या असतात. पाण्यावर तशी मोटार बसवणे म्हणजे जिवाशी खेळ. १२ व्होल्ट एसीची मागून घ्यावी आणि ट्रान्सफॉर्मरवर चालवावी. मोबाइलच्या चार्जरसारखा डीसी ॲडॉप्टर तिला जोडू नये. ती फिरत नाही, नुसती तापते. टाकीकडून येणारी वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकते. पंप २३० व्होल्टचा असेल, तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. आणि नळीचे तोंड असे ठेवावे, की ती कोठेही अडली तरी धारेने वरचे पाणी हलत राहील. हा शेवटचा नियम मला आधी सुचला असता, तर ते मासे वाचले असते.

नवी मोटार गेले दहा महिने अखंड चालू आहे. परवा दादा टाकीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “आता दाती बरोबर बसली.” यंदाचा अर्ज मी माशांच्या पैशांतून भरला.