तंबूबाहेर पडलेले चाक

एकचाकी सायकल म्हटली की आपल्यापुढे सर्कशीतला विदूषक उभा राहतो. मैदानात तंबू लागलेला, बँड वाजतो आहे आणि तोंड रंगवलेला माणूस एका चाकावर पुढे-मागे डुलत पोराबाळांना हसवतो आहे. आपल्यापैकी बहुतेकांची या वाहनाशी ओळख एवढीच. पण हेच वाहन घेऊन माणसे डोंगर उतरतात, जंगलातल्या पायवाटा तुडवतात आणि एकामागून एक देश पार करतात, असे सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही.

आधी हे यंत्र समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या सायकलला चेन असते, मागच्या चाकाला फ्रीव्हील असते. म्हणूनच उतार आला की पाय स्थिर ठेवून आपण मजेत खाली येतो. एकचाकीला यातले काहीच नाही. पायडल थेट चाकाच्या मधोमध जोडलेले असतात. पाय फिरले तर चाक फिरते आणि चाक फिरले तर पाय फिरलेच पाहिजेत! उतारावर विश्रांती नाही. उलट चाक पळू नये म्हणून पायांनी ते मागे रेटून धरावे लागते. डोंगर चढताना दम लागतो हे सर्वांना ठाऊक आहे; इथे उतरतानाही मांड्या भरून येतात.

रस्त्यासाठी मोठे, ३६ इंची चाक वापरतात. पायडलच्या एका फेऱ्यात ते तीन मीटरपेक्षा थोडे कमी अंतर जाते. आपली साधी काळी सायकल तेवढ्याच फेऱ्यात पाच मीटरच्या आसपास जाते, म्हणजे कष्ट किती ते पाहा. डोंगरासाठी चाक लहान, २४ किंवा २६ इंची, पण टायर चांगला जाड. त्यात हवा बेताची ठेवतात, म्हणजे दगडावर तो चेंडूसारखा उसळतो आणि स्वार त्या उसळीवर एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उडी घेतो. सीटच्या पुढच्या टोकाला मूठ असते. ती एका हाताने घट्ट धरायची आणि दुसरा हात तोलासाठी हवेत. ब्रेक असलाच तर त्याची दांडी सीटखाली असते.

आणि तोल? बसलेला माणूस सतत पुढे पडत असतो आणि तो पडायच्या आत चाक त्याच्याखाली आणले जाते, एवढीच सारी किमया. इथे मध्यम मार्गाची उपमा द्यायचा मोह होतो, पण भगवान बुद्धांच्या शिकवणीला सायकलच्या सीटवर बसवू नये. एक मात्र खरे, की पुढे हँडल नसल्यामुळे पडणारा बहुधा पायांवरच उतरतो आणि सायकल मागे पडते. लागते ते नडग्यांना, पायडलचे दाते बसून. म्हणून डोंगरावर जाणारे नडग्यांना आणि गुडघ्यांना पट्टे बांधतात, डोक्याला हेल्मेट घालतात.

या डोंगरी खेळाला जगभर नाव मिळवून देणाऱ्यांत कॅनडाचे क्रिस होल्म अग्रभागी आहेत. त्यांचा जन्म १९७३ चा. शिक्षणाने ते भूरूपशास्त्रज्ञ, म्हणजे डोंगर-दऱ्या कशा घडतात आणि कशा ढासळतात याचे अभ्यासक. मुलगा असताना त्यांनी रस्त्यावर खेळ करणारा एक कलावंत एकचाकीवर पाहिला आणि बाराव्या वाढदिवसाला स्वतःला एकचाकी मिळवली. पुढे व्हँकुव्हरजवळच्या जंगलात, ओल्या मुळ्या, शेवाळलेले ओंडके आणि दगड यांच्या वाटांवर त्यांनी ती चालवली. १९९९ पासून त्यांच्या नावाच्या एकचाक्या बाजारात आल्या.

रस्त्यावरच्या त्या कलावंतापाशी जरा थांबू या. आपल्या वस्तीत डोंबाऱ्याचा खेळ कुणी पाहिला नाही? ढोलकी वाजते, दोन बांबूंच्या कैच्यांवर दोर ताणला जातो आणि आठ-दहा वर्षांची मुलगी हातात काठी घेऊन त्यावर चालते. कधी पायाखाली थाळी घेते, कधी सायकलची रिंग. तो तोल होल्म यांच्या तोलापेक्षा उणा आहे काय? मुळीच नाही. पण कॅनडात रस्त्यावरचा खेळ पाहून एका मुलाला छंद लागला, छंदाचा खेळ झाला, खेळाचा उद्योग झाला. आपल्याकडे दोरावरची ती मुलगी खाली उतरते आणि थाळी घेऊन लोकांपुढे फिरते. ती खेळाडू आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. कौशल्य तेच, पण ते कुणाच्या घरी जन्मले यावर त्याला पदक मिळणार की चिल्लर, हे आपल्या समाजाने ठरवून ठेवले आहे. भटक्या-विमुक्तांच्या त्या पोरीला शाळा आणि क्रीडांगण मिळाले असते तर काय झाले असते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

जपानने निराळे केले. १९८९ च्या अभ्यासक्रमात तिथे प्राथमिक शाळांच्या शारीरिक शिक्षणात एकचाकीचा समावेश झाला. तिथे ही सायकल चालवण्यात मुलीच पुढे असतात!

होल्म पुढे भूतानला गेले. सोबत अमेरिकेचे नेथन हूवर होते. या प्रवासावर २००२ साली ‘इनटू द थंडर ड्रॅगन’ नावाचा माहितीपट निघाला. भूतानचे लोक आपल्या देशाला द्रुक युल म्हणतात, म्हणजे गर्जणाऱ्या ड्रॅगनची भूमी. माहितीपटाचे नाव त्यावरूनच आले. तिथला वज्रयान पंथ आणि बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात आपल्याला दिलेला धम्म यांत पुष्कळ अंतर आहे. तरीही उंच खिंडीत फडफडणाऱ्या पताका, कड्याला चिकटलेले विहार आणि खेचरांच्या खुरांनी झिजलेल्या दगडी पायऱ्या, अशा देशात एका चाकावर जाणाऱ्या माणसांची कल्पना करून पाहा. जिथे चालवणे अशक्य, तिथे सायकल खांद्यावर घ्यायची. जेमतेम सहा-सात किलोची तर असते.

रस्त्यावरच्या प्रवासाची गोष्ट मला अधिक मोठी वाटते. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातला एड प्रॅट १९ वर्षांचा असताना, मार्च २०१५ मध्ये, ३६ इंची एकचाकी घेऊन घरून निघाला. मागे गाडी नाही, मदतनीस नाही. तंबू आणि कपडे बरोबरच. समुद्र आडवे आले तिथला प्रवास सोडला तर युरोप, मध्य आशिया, चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पायडल मारत तो जुलै २०१८ मध्ये परतला. एकूण सुमारे २१,००० मैल, म्हणजे ३३,००० किलोमीटरहून अधिक. वाटेत किर्गिझस्तानच्या थंडीने त्याला अडवले, तेव्हा हिवाळा सरेपर्यंत तो तिथेच राहिला. सपाट रस्त्यावर असे चाक तासाला पंधरा-वीस किलोमीटर जाते, समोरून वारा आला की त्याहूनही कमी. ओसाड प्रदेशात दिवसचे दिवस पुढे एकच सरळ रस्ता, आणि पाय एक क्षणही थांबवायचे नाहीत!

या प्रवासात त्याने सुमारे ३ लाख पौंड जमवले. पैसा गेला ‘स्कूल इन अ बॅग’ या संस्थेला. ही संस्था गरीब आणि आपत्तीत सापडलेल्या मुलांना भरलेले दप्तर देते. त्यात वह्या, पेन्सिली, लिहिण्याचे इतर साहित्य आणि जेवणाची भांडीसुद्धा असतात.