नकाशावरचे आरक्षण

आरक्षण म्हटले की आपल्यापुढे नोकरी, शिक्षण आणि निवडणूक येते. त्यासाठी समाज रस्त्यावर उतरतो, न्यायालयात जातो. परंतु आणखी एक आरक्षण आहे, ते जमिनीवर पडते. शाळा कोठे, दवाखाना कोठे, बगीचा कोठे आणि रस्ता कोणाच्या घरावरून, हे शहराच्या विकास आराखड्यात ठरते. या आरक्षणाकडे चळवळीचे पुरेसे लक्ष नाही.

वाशिमचेच पाहा. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन झाले आणि वाशिम जिल्ह्याचे ठिकाण बनले. कचेऱ्या आल्या, वसाहती वाढल्या. २००१ साली सुमारे ६३ हजार असलेली शहराची लोकसंख्या २०११ साली ७८ हजारांवर गेली. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या दारापर्यंत खुला झाला. शहर वाढले की लगतच्या शेताचे प्लॉट होतात. ज्याची जमीन, त्याला भाव मिळतो. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या मजुराने राहायचे कोठे? नाल्याकाठी आणि सरकारी पडीक जागेवरच ना?

शेतीवरचा जादा भार उद्योगांकडे वळवा, असे बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतजमिनींवरील निबंधात मांडले होते. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना त्यांनी १९४८ साली संविधान सभेत खडसावले. आपली माणसे शहरात आली ती वेशीबाहेरचे जिणे संपावे म्हणून. मग शहराच्या नकाशातही आपण वेशीबाहेरच का राहायचे?

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नगरपरिषद क्षेत्रात हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. या ३० दिवसांत नकाशा वाचतो कोण? प्लॉटचा धंदा करणारे वाचतात. आपली वस्ती सध्याच्या जमीन वापराच्या नकाशात दाखवलेलीच नसेल, तर तेथे कागदावर बगीचा उभा राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस एका रात्रीत अतिक्रमणधारक ठरतो.

दुसरे नुकसान याहून छुपे आहे. वस्तीजवळ शाळेसाठी, मैदानासाठी जागा राखीव असते. आराखडा लागू झाल्यावर १० वर्षांत ती संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो. पुढच्या २४ महिन्यांतही कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण संपते. मग शाळेच्या जागी बंगले उभे राहतात आणि आपली मुले रस्त्यावर खेळतात.

उपाय आपल्याच हातात आहे. प्रत्येक वस्तीने घरांची मोजदाद करून कर पावत्या, वीज बिले आणि जुन्या नोंदी आजच जमवाव्यात. हरकत लेखीच द्यावी, पोच घ्यावी आणि सुनावणीला वस्तीने मिळून जावे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून अनुसूचित जातींना नगरपरिषदेत राखीव जागा दिल्या. त्या जागेवर निवडून आलेल्या नगरसेवकाने दरवर्षी सभागृहात एकच हिशेब मागावा: राखीव भूखंड किती, ताब्यात किती आणि मुदत संपत आलेले किती?

जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग आपण महिनाभर आधी बसून ठरवतो. मग विहाराच्या दारासमोरून जाणाऱ्या रस्त्याची रुंदी दुसऱ्या कोणी का ठरवावी? रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या भिंतीवर शहराचा नकाशा लावा आणि त्यात आपली वस्ती शोधा. सापडली नाही, तर कामाला लागा.