शिक्षक गेला, त्याने दिलेल्या गुणांचे काय?

एखादा शिक्षक चौकशीअंती नालायक ठरून बडतर्फ झाला, म्हणजे गावाला हायसे वाटते. व्यवस्थापनाने कर्तव्य बजावले, पालकांचा राग शमला, खात्याच्या फायलीत शेवटचा कागद लागला; प्रकरण मिटले असे सर्वजण धरून चालतात. परंतु त्या गृहस्थाने ज्या मुलांना गुण दिले, अथवा द्यावयास हवे होते ते दिले नाहीत, त्या मुलांचे प्रकरण मिटलेले नसते. शिक्षकाचे नाव हजेरीपटावरून जाते. त्याच्या हातचे आकडे मात्र मुलांच्या गुणपत्रिकेत जन्मभरासाठी राहतात.

हा प्रश्न पेडणे आणि डिचोलीसारख्या तालुक्यांत अधिक बोचतो. पणजी-म्हापशाच्या विद्यार्थ्याला एक विद्यालय मानवले नाही तर दुसरे आहे, शिवाय शिकवणीवर्ग आहेत. कोरगाव-पालयेच्या किंवा मये-नार्व्याच्या मुलाला बहुधा गावचेच माध्यमिक विद्यालय, आणि तेथे गणिताला वा विज्ञानाला बहुधा एकच शिक्षक. तो वाईट निघाला तर त्या गावची सबंध तुकडीच त्या विषयात वाया जाते. डिचोलीत तर २०१२ साली खाणी बंद पडल्यापासून कित्येक घरांचा आधार मुलाच्या शिक्षणावर येऊन ठेपला आहे. अशा घरात दहा-पंधरा गुणांचा फरक म्हणजे विज्ञान शाखा की अन्य काही, असा फरक असतो.

मुक्तीपूर्वी आमच्याकडची मुले मॅट्रिकसाठी बेळगावकडे, मुंबईकडे जात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलगा ठाऊक नसे आणि मुलाचा शिक्षकही ठाऊक नसे. शिक्षक वाईट असला तर मुलगा कच्चा राही. पण शिक्षकाची मर्जी अथवा खुन्नस त्याच्या गुणांत उतरत नसे. १९७५ च्या कायद्याने गोव्याला स्वतःचे शालान्त मंडळ लाभले, आणि पुढे अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके यांचे महत्त्व वाढत गेले. तीन तासांच्या एका परीक्षेवर मुलाचे भवितव्य टांगू नये हा त्यामागील विचार योग्यच होता. मात्र त्यामुळे वर्गशिक्षकाच्या लेखणीला परीक्षकाचे बळ आले. २०२१ साली महामारीमुळे दहावी व बारावीच्या लेखी परीक्षाच रद्द झाल्या आणि निकाल विद्यालयांनी दिलेल्या गुणांवरून लागले. ९९ टक्क्यांहून अधिक मुले उत्तीर्ण झाली. शिक्षकाचा प्रामाणिकपणा हाच त्या वर्षी परीक्षा मंडळ होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

लेखी परीक्षेचा कागद तरी मागे उरतो. फेरमूल्यमापन नाकारणारा महाराष्ट्र मंडळाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली वैध ठरविला हे खरे. परंतु त्याच न्यायालयाने २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य केला. तोंडी परीक्षेचे पाहायचे काय? तेथे प्रश्न हवेत विरलेला, उत्तर हवेत विरलेले. वहीत उरतो तो नुसता आकडा.

शिक्षकांची झाडाझडती अलीकडे पुष्कळ झाली. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेतील घोटाळा उघडकीस आल्यावर २०२२ मध्ये साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. पश्चिम बंगालमध्ये २०१६ च्या भरतीतील पंचवीस हजारांहून अधिक शिक्षक-शिक्षकेतर नेमणुका ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. नंतर मुलांचे वर्ष बुडू नये म्हणून निष्कलंक शिक्षकांना त्या वर्षअखेरपर्यंत वर्गावर राहू दिले. मुलांचा विचार झाला तो इतकाच, की उद्या त्यांना शिकवील कोण. आमच्या गोवा विद्यापीठातही मार्च २०२५ मध्ये एका साहाय्यक प्राध्यापकावर प्रश्नपत्रिका एका विद्यार्थ्यास पुरविल्याचा आरोप होऊन निलंबनाची कारवाई झाली. त्या आरोपाच्या खरेखोटेपणात आम्हांला येथे शिरावयाचे नाही. परंतु असा एक विद्यार्थी अन्यायाने वर चढला तर त्याच्या शेजारी बसलेले बाकीचे एकेक पायरी खाली येतात, आणि त्यांच्या वतीने अर्ज करणारा कोणी नसतो.

विद्यालये अशा वेळी काय करतात? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. आकडे बदलले तर आधीचे चुकीचे होते हे कबूल करावे लागेल, या भीतीने मुख्याध्यापक गप्प बसतात. काही ठिकाणी याच्या उलट टोक गाठले जाते: नवा शिक्षक दुसऱ्या सत्रात सर्वांनाच सढळ हाताने गुण वाटतो आणि झाले गेले गंगेला मिळाले असे मानतो. हे औदार्य आम्हांला मान्य नाही. वाईट शिक्षकाच्या हाताखालीही रात्री जागून जो मुलगा शिकला, त्याची कमाई यात बुडते. आणि जो शिकलाच नाही त्याला मिळते ती खोटी हुंडी. नववीत न शिकवलेले बीजगणित अकरावीत पुढ्यात येते, तेव्हा ती वटत नाही. गुणांचे देणे वेगळे आणि शिकवण्याचे देणे वेगळे. दोन्ही विद्यालयानेच फेडावयाची आहेत.

सगळ्यांत नाजूक प्रसंग गैरवर्तनाचा. ज्या मुलीने तोंड उघडले, तिच्या गुणांवर त्या शिक्षकाने सूड उगवला नसेलच असे कोण सांगेल? २०१२ चा बालसंरक्षण कायदा आरोपीला शिक्षा देण्यास समर्थ आहे, पण तो तिच्या प्रगतिपुस्तकापर्यंत पोहोचत नाही. तिला पुन्हा अर्ज करावयास लावणे म्हणजे पुन्हा सर्वांसमोर उभे करणे. तिचे गुण विद्यालयाने आपणहून, गाजावाजा न करता, अन्य शिक्षकाकडून तपासून घ्यावेत.

कडक शिक्षकांना धाक घालण्याचे हत्यार म्हणून उद्या याचा वापर होईल, ही शंका रास्त आहे. मुलाला कमी गुण पडले एवढ्यावरून गुरुजींविरुद्ध अर्ज लिहिणारे पालक आमच्याकडे कमी नाहीत. म्हणून शिक्षकाची चौकशी आणि गुणांची तपासणी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. दोष सिद्ध झाल्यावरच त्याच्या गुणांना हात लागावा. मात्र निलंबनाचा आदेश निघताच त्याच्या नोंदवह्या, चाचण्यांचे कागद, प्रकल्प हे सारे मोहरबंद व्हावे. शिक्षकाला अपिलाचा हक्क आहे आणि तो असावाच. पण अपिलाचा निकाल लागेतो वर्षे लोटतात व तोवर विद्यार्थी विद्यालय सोडून गेलेला असतो. ज्याला आपल्या गुणांबद्दल शंका आहे त्याला त्याच वर्षी, त्याच भागाची, दुसऱ्या विद्यालयाच्या शिक्षकाकडून पुन्हा परीक्षा देता आली पाहिजे, आणि दोहोंतील अधिक गुण धरले पाहिजेत. परीक्षा देणे ऐच्छिक ठेवले म्हणजे ज्याचे गुण खरे आहेत त्याला धक्का लागत नाही.

याला नवा कायदा नको, मंडळाचे एक परिपत्रक पुरे. मांद्रेचा शिक्षक दोन दिवस कोरगावात आणि साखळीचा दोन दिवस मयेत जाऊन मुलांची तोंडी परीक्षा घेऊ शकतो. त्याच्या प्रवासभत्त्याचा भार मात्र खात्याने उचलावा, मुलांकडून फी घेऊन नव्हे.