रेतीवरची जोडी

मेलबर्न : फुलसावंगीत नोव्हेंबरात सकाळी सातचा चहा उकळतो, तेव्हा इथल्या घड्याळात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. महागाव तालुक्यात कापूस वेचणी चाललेली, आणि इथे वसंत सरत आलेला. शहराच्या आग्नेय उपनगरांत माणसं गोल्फच्या चेंडूमागे हिंडत असतात.

या पट्ट्याचं नावच ‘सँडबेल्ट’. आपली काळी माती पावसात चपलेला ढेकळासारखी चिकटते. इथली रेती पाणी गिळून मोकळी होते. जमीन टणक राहते, आणि टप्पा पडल्यावरही चेंडू लांब घरंगळत जातो. रॉयल मेलबर्न, किंग्स्टन हीथ, मेट्रोपॉलिटन ही नामांकित मैदानं इथलीच. ती क्लबांची खरी, पण शहरात नगरपालिकांचीही मैदानं आहेत. फी भरा आणि खेळा. गोल्फ म्हणजे साहेबाचा खेळ, ही समजूत तिथे पायरीवरच गळून पडते.

एरवी हा एकट्याचा खेळ. पण १९५३ साली मॉन्ट्रियलला ‘कॅनडा कप’ सुरू झाला, तो देशागणिक दोघांचा. पहिला मान अर्जेंटिनाचा. १९६७ पासून नाव ‘वर्ल्ड कप’. २०१८ मध्ये तो मेट्रोपॉलिटनवर भरला. भारताकडून अनिर्बान लाहिरी आणि गगनजीत भुल्लर उतरले होते.

त्या वर्षी पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी दोघं आपापला चेंडू खेळत. प्रत्येक होलला ज्याचे फटके कमी, ते धरायचे. दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मात्र चेंडू एकच, फटके आळीपाळीने. जोडीदाराने चेंडू झाडीत घातला, तर काढायचा आपण! शंकरपट पाहिलेल्याला हे समजावावं लागत नाही. एक बैल बिचकला की दुसऱ्याची धाव वाया. फक्त इथे हाकायला धुरकरी नसतो.

विजेत्या बेल्जियमचे चार दिवसांचे आकडेच पाहा : ६३, ७१, ६३, ६८. एका चेंडूवर आले की फटके वाढलेच. थॉमस पीटर्स आणि थॉमस डेट्री हे दोघं अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकलेले, एकमेकांच्या खोडी जाणणारे. यजमान ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको तीन फटके मागे राहिले.

त्याच वर्षी जूनमध्ये पीटर थॉमसन वारले. मेलबर्नच्याच ब्रन्सविक भागात जन्मलेल्या या माणसाने ब्रिटिश ओपन पाचदा जिंकली, आणि १९५९ मध्ये केल नेगल यांच्या जोडीने रॉयल मेलबर्नवर कॅनडा कपही. तीन वेळा इंडियन ओपन त्यांच्या नावावर आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानाची आखणीही एकदा त्यांनी नव्याने केली होती.

मराठी वाचकाला यात आपलं माणूस शोधायचं, तर पुण्याचा उदयन माने. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो लाहिरीच्या बरोबरीने भारताकडून खेळला. पण तिथे ज्याचा हिशेब त्याच्यापाशी. वर्ल्ड कप तर २०१८ नंतर भरलेलाच नाही. आता लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये जोडी परत येतेय, एक पुरुष आणि एक स्त्री अशी.