धाग्याच्या गावापर्यंत पोहोचणारी जबाबदारी

दादरा आणि नगर हवेलीचे मुख्य ठाणे असलेल्या सिल्वासाच्या भोवती पिपरिया, मसाट, खडोली, राखोली, नरोली अशा भागांत पसरलेल्या कारखान्यांतून पॉलिएस्टरचा धागा मोठ्या प्रमाणावर निघतो आणि सुरत, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या मागांवर विणला जाऊन, रंगाईघरांतून आणि शिलाईच्या कारखान्यांतून पुढे सरकत, अखेर मोठ्या शहरांतील कपड्यांच्या दुकानांत पोहोचतो. तयार शर्टाच्या गळ्याशी शिवलेल्या पट्टीवर विकणाऱ्याचे नाव, देशाचे नाव आणि धुण्याच्या सूचना असतात. धागा कोणी काढला, किती तासांच्या पाळीत काढला, कोणत्या मजुरीवर काढला आणि त्यावर चढलेल्या रंगाचे पाणी कुठे गेले, याची नोंद तिथे नसते. ही नोंद पट्टीवर नसली तरी विकणाऱ्याच्या दप्तरी असावी, आणि तिच्यात अन्याय आढळला तर तो दूर करण्याचा खर्च विकणाऱ्यानेही उचलावा, या आग्रहाला ‘जबाबदार खरेदी’ आणि ‘नैतिक व्यापार’ ही नावे मिळाली आहेत.

या आग्रहाला संस्थात्मक रूप देणाऱ्या प्रयत्नांत ब्रिटनमध्ये १९९८ साली कंपन्या, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून स्थापन केलेल्या ‘एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह’ला महत्त्वाचे स्थान आहे. तिच्या मूळ आचारसंहितेत नऊ कलमे आहेत: काम सक्तीचे नसावे, संघटना करण्याचा हक्क असावा, कामाची जागा सुरक्षित असावी, बालमजुरी नसावी, मजुरी जगण्यास पुरेशी असावी, तास अवाजवी नसावेत, भेदभाव नसावा, नोकरी नियमित असावी आणि वागणूक अमानुष नसावी. ही कलमे वाचताना नवे काहीच वाटत नाही, कारण त्यांतील बहुतेक गोष्टी भारतीय कायद्यात पूर्वीपासून आहेत. प्रश्न आहे तो ती कलमे साखळीच्या कोणत्या कडीपर्यंत पोहोचतात, हा.

एका छताखालची गिरणी आणि विखुरलेली साखळी

मुंबईच्या संयुक्त गिरणीत, म्हणजे जिथे सूत कातणे, विणणे आणि रंगवणे ही कामे एकाच आवारात होत अशा गिरणीत, जबाबदारी कोणाची हे शोधावे लागत नसे. गिरणीला दरवाजा होता, दरवाजावर मालकाचे नाव होते आणि मागणी त्याच्याकडेच न्यावी लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली, ती मालकांच्या संघटनेला थेट सामोरे जाऊनच. गिरण्यांत सारे आलबेल होते असे नव्हे. बदली कामगारांची अनिश्चितता, कापसाच्या तुसाने होणारे छातीचे विकार आणि दाटीवाटीच्या चाळी हाही त्याच व्यवस्थेचा भाग होता. तरीही अन्याय करणारा आणि अन्याय सोसणारा एकमेकांना ओळखत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर मुंबईचा कापडधंदा पूर्वीच्या रूपात पुन्हा उभा राहिला नाही. यंत्रमागांकडे काम वळण्याची क्रिया त्याआधीच सुरू झालेली होती. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यावरील बंधने सैल केल्यावर पॉलिएस्टरला मोकळे मैदान मिळाले. याच काळात दादरा आणि नगर हवेलीत कारखाने वाढले. १९५४ मध्ये मराठी तरुणांचा मोठा वाटा असलेल्या लढ्याने पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेला आणि १९६१ मध्ये भारतात विलीन झालेला हा प्रदेश शेतीवर व जंगलावर जगणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींचा होता. १९६५ मध्ये पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती आल्या, आणि १९८० च्या दशकापासून मिळालेल्या करसवलतींमुळे मुंबई आणि सुरत यांच्या मधला हा लहानसा भूभाग उद्योजकांना सोयीचा ठरला.

अशा रीतीने जे काम एका छताखाली होत होते ते दहा ठिकाणी वाटले गेले. पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या दोन रसायनांच्या संयोगातून पॉलिएस्टरचे दाणे तयार होतात. ते वितळवून बारीक छिद्रांतून ओढले की अर्धवट ताणलेला धागा मिळतो. त्याला उष्णता आणि पीळ देऊन फुगीर व लवचीक करण्याच्या क्रियेला टेक्स्चरायझिंग म्हणतात, आणि सिल्वासाची ओळख मुख्यत्वे या धाग्याशी जोडलेली आहे. विक्रेत्यांच्या भाषेत कपडा शिवणारा कारखाना पहिल्या फळीचा पुरवठादार, कापड विणणारा व रंगवणारा दुसऱ्या फळीचा, आणि धागा काढणारा तिसऱ्या फळीचा असतो. विक्रेत्याचा करार बहुधा पहिल्या फळीशी असतो, तपासणीही तिथेच होते, आणि तिसऱ्या फळीतील कामगाराला आपला धागा कोणत्या नावाखाली विकला जाणार हे कळण्याचा मार्ग नसतो.

पाळी, ठेकेदार आणि उचल

या कामगारांविषयी जनगणनेचे आकडे बोलके आहेत. दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या २००१ मध्ये २,२०,४९० होती, ती २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली; एवढी दशवार्षिक वाढ त्या जनगणनेत अन्य कोणत्याही राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात झाली नव्हती. याच दहा वर्षांत आदिवासींचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ७७४ इतकी कमी नोंदली गेली. याचा अर्थ असा की उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून, कुटुंब गावी ठेवून, कामासाठी आलेल्या पुरुषांच्या बळावर हा उद्योग मोठा झाला. भाड्याच्या खोलीत चार-सहा जणांनी मिळून राहणाऱ्या, स्थानिक भाषा न येणाऱ्या आणि ठेकेदाराच्या ओळखीने कामाला लागलेल्या माणसाला तक्रार करणे किती अवघड जाते, हे त्याच्या परिस्थितीवरूनच उमगते.

टेक्स्चरायझिंगची यंत्रे थांबवणे महाग पडते, त्यामुळे ती चोवीस तास चालतात आणि आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी बारा तासांच्या दोन पाळ्या लावण्याचा मोह व्यवस्थापनाला सतत होतो. कारखाने अधिनियम, १९४८ याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवून दिला, तो याच मोहाला आवर घालण्यासाठी. शेजारच्या गुजरात सरकारने २०२० च्या टाळेबंदीत अधिसूचना काढून बारा तासांचा दिवस आणि जादा तासांना साध्या दराने मजुरी अशी सूट दिली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जादा तासांचा दुप्पट दर ही उदारपणे दिलेली सवलत नसून कामगाराचा हक्क आहे, हे त्या निकालाने ठामपणे सांगितले. तासांबरोबर गोंगाटाचाही विचार हवा, कारण धाग्याच्या यंत्रांचा आवाज मोठा असतो, आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा भारतात मानली जाते, आणि बारा तासांच्या पाळीत कानांवर पडणारा भार त्या हिशेबाबाहेर जातो.

सक्तीच्या श्रमाचा प्रश्न या प्रदेशाला परका नाही. सिल्वासाला लागून असलेल्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडीच्या, म्हणजे लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबण्याच्या, प्रथेविरुद्ध उठाव केला. आज लग्नगडी दिसत नाही, पण ठेकेदाराने गावी दिलेली उचल फिटेपर्यंत काम सोडता न येणे, ओळखपत्र ताब्यात ठेवले जाणे किंवा पहिल्या महिन्याची मजुरी अडवून धरणे या गोष्टी जिथे घडतात तिथे बंधनाचे तत्त्व तेच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेही संविधानाच्या कलम २३ खाली सक्तीचे श्रमच ठरते असा निर्वाळा दिला. भूक आणि दारिद्र्य यांचा दाबदेखील सक्ती असते, हे त्या निकालाचे सार नैतिक व्यापाराच्या कोणत्याही आचारसंहितेपेक्षा पुढे जाणारे आहे.

प्रमाणपत्राच्या मर्यादा

आचारसंहिता पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी विक्रेते बाहेरच्या संस्थांकडून सामाजिक लेखापरीक्षण करून घेतात, म्हणजे परीक्षक कारखान्यात येऊन हजेरीपट, पगारपत्रके आणि अग्निशमनाची साधने पाहतो व काही कामगारांशी बोलतो. या पद्धतीचा दुबळेपणा ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीत उघड झाला. अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यास लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच ‘एसए ८०००’ हे कामगारविषयक मानक पाळत असल्याचे प्रमाणपत्र मिळाले होते. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर बांगलादेशात झालेला अग्नी व इमारत सुरक्षा करार वेगळा ठरला, कारण त्यात कामगार संघटना सहीदार होत्या आणि ब्रँडवरील बंधन कायदेशीर होते.

माल कुठून आला हे सिद्ध करण्याच्या बाबतीतही एक महत्त्वाचा धडा सिल्वासाच्या शेजारचाच आहे. वापी आणि अंजार येथे कारखाने असलेल्या वेलस्पन इंडियाने पुरवलेल्या चादरी व उशांचे अभ्रे ‘इजिप्शियन कापसाचे’ म्हणून विकले गेले, परंतु त्यांत दुसराच कापूस होता, असे सांगून अमेरिकेतील टार्गेट या विक्रेत्याने ऑगस्ट २०१६ मध्ये त्या कंपनीशी संबंध तोडले. प्रश्न सुमारे साडेसात लाख नगांचा होता. त्यानंतर कंपनीने कापसाच्या गाठीपासून तयार मालापर्यंत मागोवा घेण्याची स्वतःची व्यवस्था उभारली. पॉलिएस्टरमध्ये हीच कसोटी आता पुनर्वापराच्या धाग्याला लागते. प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून काढलेला धागा आणि नवा धागा तयार कापडात सहज वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ‘ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड’सारख्या मानकांत प्रत्येक विक्रीबरोबर व्यवहार प्रमाणपत्र द्यावे लागते, ज्यात कोणी, कोणाला, किती पुनर्वापरित माल विकला याची नोंद असते. खरेदीदाराने बाटल्यांच्या उगमाची जितकी चौकशी चालवली आहे तितकीच बाटल्या वेचणाऱ्याच्या आणि धागा काढणाऱ्याच्या मजुरीची केली, तर तिसऱ्या फळीचा अंधार बराचसा दूर होईल, कारण मागोव्याची कागदपत्रे तिथपर्यंत आधीच पोहोचलेली आहेत.

पाण्याचाही हिशेब याच कागदपत्रांत यायला हवा. धागा काढताना पाणी तुलनेने कमी लागते, परंतु पॉलिएस्टर रंगवण्यासाठी सुमारे १३० अंश सेल्सिअसला रंगद्रव्यांसह दाबाखाली तापवलेले पाणी वापरावे लागते, आणि रंगाईघरांचे सांडपाणी हा या पट्ट्याचा जुना प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा मधुबन धरणातून सिल्वासाजवळून वाहत, वापीवरून दमणला समुद्रास मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या व्यापक पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात वापीला शंभरपैकी ८८.०९ गुण मिळाले आणि अंकलेश्वरच्या पाठोपाठ ते देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. नदीकाठच्या ज्या कोळी कुटुंबांचा आणि शेतकऱ्यांचा कपड्याच्या व्यापाराशी काडीचा संबंध नाही त्यांनी या प्रदूषणाची किंमत मोजावी, हे कोणत्याही अर्थाने नैतिक नाही.

मुख्य मालकाचे तत्त्व

जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून अमलात आलेल्या पुरवठा साखळी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर थेट पुरवठादारांच्या बाबतीत जोखीम शोधण्याचे बंधन घातले, परंतु त्याच्या पलीकडील पुरवठादारांविषयी हे बंधन गैरप्रकाराची ठोस माहिती मिळाली तरच जागे होते. भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. माहिती जाहीर होणे ही त्यातून साधलेली पहिली पायरी आहे. या दोन्ही मार्गांनी सिल्वासाच्या कारखान्यापर्यंत थोडासाच उजेड पोहोचतो.

अधिक सरळ मार्ग भारतीय कामगार कायद्यातच सापडतो. कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० याने ‘मुख्य मालक’ ही संकल्पना मांडली. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्या कारखान्यात काम झाले त्या मुख्य मालकाने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी, असा तिचा अर्थ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही हे तत्त्व राखलेले आहे. काम दुसऱ्याच्या हाती सोपवल्याने जबाबदारी हातावेगळी होत नाही, हा त्यातील न्याय कारखान्याच्या भिंतीपाशीच का थांबावा, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही. ज्या विक्रेत्याच्या मागणीमुळे धागा निघतो, जो रंग, दर आणि माल देण्याची तारीख ठरवतो, आणि ज्याच्याकडे नफ्याचा मोठा वाटा जातो, तो अर्थकारणाच्या दृष्टीने साखळीचा मुख्य मालकच असतो.

या दृष्टीने पाहिले की जबाबदार खरेदीची व्यवहारातील कसोटी स्पष्ट होते. विक्रेत्याने धाग्याच्या कारखान्यांपर्यंतची आपली पुरवठादारांची यादी जाहीर करावी. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि जादा तासांचा दुप्पट दर धरूनच किमतीची बोलणी करावी, कारण शेवटच्या आठवड्यात रंग बदलून तारीख मात्र तीच ठेवणारा खरेदीदार स्वतःच बारा तासांची पाळी लावत असतो. आणि तक्रारीची सोय हिंदी, ओडिया, भोजपुरी, गुजराती, मराठी आणि वारली बोलणाऱ्या माणसाला सूड न ओढवता वापरता येईल अशी असावी. ग्राहकाचा वाटाही लहान नाही. दुकानात आणि कंपनीच्या ग्राहकसेवेकडे ‘धागा कोणाकडून घेता’ हा प्रश्न वारंवार विचारला गेला तर त्याचे उत्तर दप्तरी ठेवणे विक्रेत्याला भाग पडेल. लोखंडे यांच्या काळात कामगारांना मालक समोर दिसत होता म्हणून रविवारची सुट्टी मागता आली. सिल्वासाच्या कामगाराला तेवढेच बळ हवे असेल तर त्याच्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, हे त्याला कळलेच पाहिजे.